हिरव्या भिंती : खरा खर्च लावण्याचा नव्हे, जगवण्याचा

बंगळुरू : तीव्र पाणीटंचाईमुळे मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या जलमंडळाने बागांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि नियम मोडणाऱ्यांना पाच हजार रुपये दंड जाहीर केला. याच शहरात २०१७ मध्ये होसूर मार्गावरील उड्डाणपुलाच्या खांबावर उभी बाग फुलवण्यात आली, तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले होते. त्यानंतर अनेक शहरांनी खांब आणि संरक्षक भिंती हिरव्या करण्याचे प्रयोग केले. मात्र या बागांना रोज पाणी कोठून आणि कोणाच्या खर्चाने द्यायचे, हा प्रश्न उद्घाटनाच्या वेळी क्वचितच विचारला गेला.

हिरव्या भिंतीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्या खर्चात मोठी तफावत आहे. पहिल्या प्रकारात पोलादी सांगाड्यावर कुंड्या किंवा नमद्याचे कप्पे बसवून पंप आणि नळ्यांद्वारे पाणी व खत पुरवले जाते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लँक यांनी हे तंत्र जगभर लोकप्रिय केले. अशा भिंतीत मुळांना मूठभर मातीचाच आधार असतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात पंप बंद पडला, की रोपे लवकर माना टाकतात. पुलाखाली पावसाचे पाणीही पुरेसे पोहोचत नाही.

दुसऱ्या प्रकारात वेल जमिनीत लावून तारांच्या किंवा बांबूच्या आधाराने भिंतीवर चढवला जातो. मधुमालती, बोगनवेल, कृष्णकमळ या परिचित वेलींना त्यासाठी खास यंत्रणा लागत नाही. इटलीतील जेनोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दोन्ही प्रकारांच्या खर्चाची आणि लाभाची तुलना केली. वेलींचे पर्याय आर्थिकदृष्ट्या टिकू शकतात. कप्प्यांची भिंत मात्र उभारणी व देखभालीच्या खर्चामुळे परवडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अर्थात वेलीलाही मर्यादा आहेत. भिंत झाकायला तिला काही वर्षे लागतात. चिकटून वाढणाऱ्या जातींची मुळे तडे गेलेल्या गिलाव्यात शिरू शकतात, म्हणून आधार भिंतीपासून थोडा दूर असावा लागतो. छाटणीही नियमित करावी लागते. परंतु ही कामे सोसायटीचा माळी किंवा रहिवासी करू शकतात. त्यासाठी दरवर्षी कंपनीशी करार करावा लागत नाही.

पाण्याचा प्रश्न सांडपाण्याच्या पुनर्वापरातून सुटू शकतो. मोठ्या गृहसंकुलांतील प्रक्रिया केलेले पाणी किंवा न्हाणीघरातील गाळलेले पाणी वेलींना पुरेसे ठरते. या जोडणीचा विचार इमारतीच्या आराखड्यातच झाला, तर नंतर भिंती फोडण्याचा खर्च वाचतो.

जागेची निवडही तितकीच निर्णायक आहे. खांबावरील हिरवाईने रस्ता देखणा होतो, पण त्या खांबाआड कोणी राहत नाही. दुपारच्या उन्हात तापणारी घराची पश्चिमेकडील भिंत झाकली, तर त्याच पैशात आतल्या माणसाला गारवा मिळतो. पत्र्याच्या एकमजली घरांत मात्र उष्णता मुख्यतः छतातून येते. तेथे आधी छताला ऊन परावर्तित करणारा रंग देणे अधिक योग्य. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा शीतल छतांचे धोरण स्वीकारले आहे.

सिंगापूरने २००९ मध्ये सुरू केलेल्या योजनेत इमारतींवरील हिरवाईच्या उभारणीचा निम्म्यापर्यंत खर्च सरकारने उचलला. भारतीय महापालिकांनी तसे अनुदान देताना ते जमिनीत रुजलेल्या वेलींना आणि पुनर्वापराच्या पाण्याला आधी द्यावे. मालमत्ता करातील सवलतही त्याला जोडता येईल.

सर्वांत स्वस्त सुधारणा मात्र निविदेच्या मसुद्यात आहे. देयक किती रोपे लावली यावर ठरते, तोवर कंत्राटदाराचा रस रोपे लावण्यातच राहणार. रकमेचा मोठा हिस्सा दोन उन्हाळे उलटल्यावर जिवंत असलेल्या हिरवाईनुसार दिला, तर कोणती भिंत परवडते याचे उत्तर कंत्राटदारच निविदा भरण्यापूर्वी शोधेल.