एकशे सोळा घोड्यांची बदनामी

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला एकच गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे सल्ला. आणि तो सल्ला नेहमी एकाच दिशेने जातो. पॉवर वाढव. टर्बो टाक. ‘स्टेज टू’ कर. फोन उघडला की कुणीतरी डायनोच्या रोलर्सवर गाडी पट्ट्यांनी बांधून ठेवलेली असते, स्क्रीनवर आकडा चढत जातो आणि तो थांबला की मित्र आरडाओरडा करतात. त्यानंतर तीन महिन्यांनी त्या इंजिनचं काय झालं, याची रील कुणी काढत नाही.

पॉवर वाढवायला माझा विरोध नाही. माझी तक्रार अशी आहे की, आकडा वाढवणं आणि इंजिन ट्यून करणं ही दोन वेगळी कामं आहेत, पण पहिलं काम दुसऱ्याच्या नावाने विकलं जातंय. या धंद्यात जी इंजिनं संपतायत, ती आता कुठल्याही कारखान्यात बनत नाहीत.

माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी घ्या. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात. मी कॅलिफोर्नियात राहतो आणि माझ्याकडे १९९२ ची मियाटा आहे, त्यामुळे तिच्याबद्दलचे सल्ले मी भरपूर ऐकलेत. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी जगासमोर आली. १५९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, आणि अमेरिकेतल्या मॉडेलची पॉवर ११६ हॉर्सपॉवर. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी टीमला ‘जिनबा इत्ताई’ हे सूत्र दिलं होतं. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. घोडे किती, हा प्रश्न त्या सूत्रात नव्हताच.

आज हीच गाडी ‘स्लो’ म्हणून बदनाम आहे. साधी फॅमिली कार सिग्नलवरून तिच्या पुढे निघून जाते, हे खरंच आहे. म्हणून टर्बोवाले म्हणतात, “अरे, हे इंजिन मुळात टर्बोचंच आहे!” त्यात अर्धं सत्य आहे. हे इंजिन ज्या ‘बी६’ घराण्यातलं आहे, त्याच घराण्यातलं टर्बो इंजिन माझदाने ३२३ या गाडीत दिलं होतं. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, दणकट आहे.

उरलेलं अर्धं सत्य मात्र कुणी सांगत नाही. मियाटाच्या १.६ इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो ९.४ आहे, कारण ते टर्बोशिवाय चालायचं होतं. ३२३ च्या टर्बो इंजिनचा रेशो माझदाने मुद्दाम कमी ठेवला होता. हवा आधीच दाबून आत ढकलायची आणि सिलिंडरमध्ये पुन्हा तेवढीच दाबायची, तर मिश्रण इतकं तापतं की स्पार्कने लावलेली आग पोचण्याआधी कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण स्वतःच पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. जोराचं नॉकिंग पिस्टनच्या रिंगांमधल्या पातळ कडा तोडून टाकतं. आजच्या बहुतेक इंजिनांना नॉक सेन्सर असतो, तो धोका ऐकून स्पार्क मागे घेतो. या मियाटाला तो नाही. तिचा कॉम्प्युटर या बाबतीत ठार बहिरा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. हे इंजिन मूळ ३२३ मध्ये आडवं बसायचं. मियाटात ते उभं बसवताना माझदाने थर्मोस्टॅट पुढच्या बाजूला आणला. पाणी आत येतंही पुढून आणि रेडिएटरकडे बाहेर जातंही पुढून. त्यामुळे सगळ्यात मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला थंडावा कमी येतो. ११६ घोड्यांना ते पुरून उरतं. दोनशे घोड्यांच्या उष्णतेला पुरत नाही. म्हणून जाणकार लोक टर्बोच्या आधी पाण्याची बाहेरची वाट हेडच्या मागच्या बाजूला नेतात. पण त्या पाइपांची रील बनत नाही, कारण त्यांच्यामुळे डायनोवर एक घोडाही वाढत नाही.

आता माझ्या धंद्याकडे येतो. ऑफिसातला एक मित्र मला म्हणाला होता, “तू तर सॉफ्टवेअरवाला. नुसता मॅप तर बदलायचाय, तुला काय अवघड?” हे ‘नुसता मॅप’ प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकतं. मॅप म्हणजे एक तक्ता. आडव्या रांगेत आरपीएम, उभ्या रांगेत इंजिनवरचा लोड, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: किती इंधन, किती अंश आधी स्पार्क. तो तक्ता इंजिनचं वर्णन करतो. वर्णन बदललं म्हणून वस्तू बदलत नाही. विनाटर्बो इंजिनात सिलिंडर जेवढी हवा ओढतो तेवढीच ओढणार. कंपनीने सोडलेला थोडा वाव मॅप काढून देईल, नवी हवा तयार करणार नाही.

टर्बो लावल्यावर हवा येते, पण मग इंधनाचा हिशोब बघा. ७००० आरपीएमला इंजिनचे दोन फेरे, म्हणजे एका सिलिंडरचं एक पूर्ण चक्र, सुमारे १७ मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टर सतत उघडा ठेवला तरी प्रत्येक चक्राला तेवढाच वेळ आहे. लॅपटॉपवर तुम्ही त्या चौकटीत २० लिहू शकता, सॉफ्टवेअर हूं की चूं करणार नाही. पण इंजेक्टर १७ च्या वर जाऊ शकत नाही. इंधन कमी पडतं, मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं आणि नॉकिंग सुरू होतं. कोड चुकला तर मी मागची आवृत्ती परत आणतो. फुटलेल्या पिस्टनची मागची आवृत्ती नसते.

आणि या सगळ्या आटापिटीत ज्याची पूजा चालते, तो आकडा तरी किती पक्का? २००१ च्या मियाटासाठी माझदाने अमेरिकेत १५५ हॉर्सपॉवर जाहीर केले होते. प्रत्यक्षात ते १४२ निघाले आणि कंपनीला ग्राहकांना गाड्या परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. एवढ्या मोठ्या कारखान्याचा जाहीर आकडा तेरा घोड्यांनी घसरतो, तर कोपऱ्यावरच्या डायनोचा प्रिंटआउट देवघरात ठेवायचं कारण काय? चाकांवर मोजलं की इंजिनवर? हवेच्या तापमानासाठी कुठली दुरुस्ती लावली? तीच गाडी, तोच दिवस, फक्त सेटिंग बदला, आकडा बदलतो. डायनोचा खरा उपयोग एकाच मशीनवर आधीची आणि नंतरची गाडी ताडून बघण्याचा आहे. मिरवण्यासाठी तो कुणी बनवला नव्हता.

शिवाय गाडीच्या भागांना हॉर्सपॉवर कळतच नाही. कनेक्टिंग रॉडला सिलिंडरमधला दाब कळतो. डिफरन्शियलला टॉर्क कळतो. सुरुवातीच्या १.६ गाड्यांचं डिफरन्शियल लहान आहे, १९९४ मध्ये १.८ इंजिन आलं तेव्हा माझदाने ते मोठं केलं. अर्धा बार बूस्ट म्हणजे कागदावर दीडपट हवा. उष्णतेत काही वाया गेली तरी क्लच, रॉड आणि डिफरन्शियल या सगळ्यांवरचा भार त्याच मापाने चढतो. ‘स्टेज वन’च्या जाहिरातीत मात्र किंमत असते फक्त टर्बोची. बाकीचं बिल हप्त्याहप्त्याने येतं, बहुतेक वेळा टो ट्रकवरून.

“मग काय, गाडी म्युझियममध्ये ठेवायची?” हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर: गाडी चालवा, पॉवरही वाढवा, पण क्रम पाळा. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारपैकी एक सिलिंडर आजारी असेल तर टर्बो हा त्याच्यावरचा उपाय नव्हे. टायमिंग बेल्ट बदला. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर ती फुटायची वाट पाहू नका. मग टायर आणि ब्रेक. १८५ रुंदीच्या मूळ टायरवर ११६ घोडे कसे वळणात घालायचे, हे शिकण्यातच एखाद-दोन वर्षं मजेत जातात. त्यानंतर मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर, कारण जे मोजलं नाही ते ट्यून होत नाही. मग मोठे इंजेक्टर, नवा ईसीयू, थंडाव्याची नवी वाट. टर्बो सगळ्यात शेवटी, आणि तोही कमी बूस्टवर. चांगलं पेट्रोल भरणार असाल तर मूळ इग्निशन टायमिंग १० अंशांवरून १४ वर नेता येतं, नुसता एक सेन्सर फिरवून, पैसे न घालता. आकडा थोडाच वाढतो, पण गाडी जागी होते.

हे सगळं रटाळ वाटत असेल, तर ते आहेच. इंजिनिअरिंगचा बराचसा भाग रटाळच असतो. कॅलिफोर्नियात त्यात आणखी भर: इथे मियाटाला ठरावीक काळाने धुराची तपासणी द्यावी लागते, आणि इंजिनला जोडलेल्या बाहेरच्या भागावर राज्याचा मंजुरी क्रमांक लागतो. या नियमाला शिव्या घालणारे खूप भेटतात. मला तो नियम उपकारक वाटतो. मंजुरी मिळालेला भाग म्हणजे निदान कुणीतरी काहीतरी मोजलेला भाग.

पहिल्या पिढीच्या मियाटा चार लाखांहून जास्त बनल्या आणि १९९७ मध्ये ते उत्पादन संपलं. दरवर्षी त्यातल्या काही गंजतात, काही धडकतात. त्याला इलाज नाही. पण काही जातात केवळ एका स्क्रीनशॉटसाठी, आणि त्यांच्याबरोबर जातात विशी-पंचविशीतल्या पोरांचे क्रेडिट कार्डवर काढलेले पैसे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला घोडे विकायला आला, तर किती घोडे हे विचारू नका. चौथ्या सिलिंडरचं तापमान विचारा. इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो ते विचारा. डिफरन्शियल कुठलं आहे, ब्रेक कुठले आहेत, ते विचारा. तो उत्तरं देऊ लागला तर त्याच्याकडे किल्ली द्या. तो हसला, तर किल्ली खिशात ठेवा आणि आपले ११६ घोडे घेऊन घाटाकडे निघा.