कर व्यक्तीचा, खर्च घराचा

१९६१च्या आयकर कायद्याखाली विवरणपत्रे भरण्याचा हा शेवटचा नियमित हंगाम. बहुतेक पक्षकार यंदा 'बारा लाखांपर्यंत कर नाही' एवढेच मनात धरून येतील. हे बारा लाख एका व्यक्तीचे आहेत, कुटुंबाचे नाहीत, हे समजावण्याचे काम आपल्याला करायचे आहे.

दोन घरे घ्या. एका घरात नवरा-बायको दोघे नोकरीला, प्रत्येकाचे करपात्र उत्पन्न ८ लाख. नव्या प्रणालीत दोघांचा कर प्रत्येकी २० हजार निघतो आणि कलम ८७एच्या रिबेटमुळे शून्यावर येतो. दुसऱ्या घरात कमावणारा एकच, करपात्र उत्पन्न १६ लाख. त्याला उपकरासह १ लाख २४ हजार ८०० रुपये भरावे लागतात. दोन्ही घरांचे उत्पन्न सारखेच आहे. दोघे कमावतात तिथे पाळणाघराचा आणि प्रवासाचा खर्च वाढतो, हेही खरे. पण पाळणाघरासाठी कायद्यात वजावट नाही. जुन्या प्रणालीतील ८० सीखालची दोन मुलांच्या शिक्षण शुल्काची वजावटही नव्या प्रणालीत मिळत नाही.

मग पक्षकार विचारतो, "बायकोच्या नावावर एफडी केली तर?" इथे आपण ठाम राहिले पाहिजे. नवऱ्याने दिलेल्या पैशांवरचे व्याज कलम ६४ नुसार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. त्या व्याजाच्या पुनर्गुंतवणुकीतून मिळणारे उत्पन्न मात्र पत्नीचे. अज्ञान मुलाच्या ठेवीचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्याकडे जाते. त्यावरची प्रत्येक मुलामागची १,५०० रुपयांची सवलत नव्या प्रणालीत नाही.

आणखी एक सावधगिरी. शेअर विक्रीच्या विशेष दराच्या नफ्यावर नव्या प्रणालीत रिबेट मिळत नाही. पगाराचे करपात्र उत्पन्न ९ लाख आणि १११एखालचा अल्पकालीन नफा १ लाख असेल, तर एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असूनही २० हजार ८०० रुपये कर येतो.

पती-पत्नींना ऐच्छिक संयुक्त विवरणपत्राचा पर्याय मिळावा, ही मागणी रास्त आहे. आपल्या संघटनांनी ती अर्थसंकल्पपूर्व निवेदनात आकड्यांसह मांडावी. तोवर प्रत्येक सल्लागाराने नवरा-बायको दोघांनाही समोर बसवून दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडावा आणि मगच विवरणपत्र भरावे.