लेकराला घेऊन डोंगरावर निघताय? आधी उंची पाहा

मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. लातूरची दुपारही घराबाहेर पडू देत नाही. शाळांना सुट्या लागल्या की बॅगा भरायला सुरुवात होते. कुणी महाबळेश्वरला निघते, कुणी चिखलदऱ्याला, तर कुणी थेट मनाली, लेह किंवा केदारनाथला. 'बर्फ दिसेल का?' हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. पण सोबत दोन-तीन वर्षांचे लेकरू असेल, तर पहिला प्रश्न वेगळा हवा: मुक्काम किती उंचीवर आहे?

उंचावर गार का वाटते?

साधारण १,००० मीटर वर गेले की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर आहे, मेळघाटातील चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. म्हणजे नुसत्या उंचीमुळेच पाच-सहा अंशांचा फरक पडतो. झाडी आणि वारा यांचा फायदा वेगळा. माहूरचा डोंगर घराजवळचा, पण तेवढा उंच नाही. त्यामुळे मे महिन्यात तिथे रेणुकामातेचे दर्शन होते, गारवा मिळत नाही.

मग आणखी वर गेले तर बिघडते कुठे?

उंचावर हवा विरळ होते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, केदारनाथ त्याहून थोडे वर. तिथे एका श्वासात समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. साधारण २,५०० मीटरच्या वर झपाट्याने गेल्यास डोकेदुखी, मळमळ, धाप असा त्रास सुरू होऊ शकतो.

मोठा माणूस 'डोके दुखते' असे सांगतो. लेकराला ते सांगता येत नाही. ते किरकिर करते, दूध नाकारते, उलटी करते, रात्री झोपत नाही. 'प्रवासाने दमलंय' किंवा 'दात येत असतील' असे म्हणून घरचे पुढचा टप्पा गाठतात. खरा धोका इथेच आहे. थंडीचेही तसेच. चढण चढणाऱ्या बापाला घाम फुटतो, पण पाठीवरच्या कंडीत बसलेले मूल हालचाल करत नाही. ते गारठत जाते आणि लवकर कुणाच्या लक्षात येत नाही.

चूक कुठे होते?

चूक हिमालयात जाण्यात नाही, घाईत आहे. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने अंबाल्याला पोहोचायलाच दिवसाहून अधिक वेळ लागतो. पुढे रात्रभर घाटातली बस. दुसऱ्याच दिवशी सुमारे २,००० मीटरवरच्या मनालीहून जवळपास ४,००० मीटरवरची रोहतांग खिंड. सात दिवसांत पाच ठिकाणे पाहिल्याने पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, पण त्याची किंमत लेकरू मोजते. दोन वर्षांच्या मुलाला पुढे रोहतांग आठवणार नाही. पाच वर्षांखालील मूल सोबत असेल, तर २,००० मीटरच्या आसपास किंवा त्याखाली एकच ठिकाण आणि चार-पाच दिवसांचा मुक्काम, हीच शहाणपणाची सहल.

काय लक्षात ठेवावे?

• २,५०० मीटरच्या वर जायचेच असेल, तर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.
• मूल किरकिर करू लागले, खाणेपिणे सोडले, तर आणखी वर जाऊ नये. त्रास वाढल्यास लगेच खाली उतरावे आणि डॉक्टर गाठावा.
• हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या, तसेच वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी तिकीट काढण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.
• हवा गार असली तरी उंचावर ऊन जास्त भाजते. टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.
• घाट उतरताना बाळाला दूध किंवा पाणी पाजावे. गिळल्याने कानाचे दडे सुटतात.

परतीचाही विचार हवा. १५ अंशांतून लेकरू थेट ४२ अंशांत येते. घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला दुपारी बाहेर नेऊ नये, पाणी वरचेवर पाजावे. नातेवाइकांना फोटो दाखवायला संध्याकाळ आहेच.