हा आकडा कुणी ठरवला?

पूल म्हटलं की आपल्याला नदीवरचा पूल आठवतो. मी म्हणतेय तो पूल हा बिलियर्ड्सच्या जातकुळीतला खेळ. मैत्रिणींनो, ‘याच्याशी आपला काय संबंध?’ म्हणून पान उलटू नका.

टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या खेळाडूंनी १९७९ साली अमेरिकेत हौशी खेळाडूंसाठी साखळी सामने सुरू केले. त्यातून ‘अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन’ उभी राहिली आणि पुढे कॅनडा, जपानपर्यंत पोचली. नवख्यांनाही जिंकण्याची संधी मिळावी म्हणून तिथे प्रत्येकाला कौशल्याचा आकडा देतात. ‘एट-बॉल’ प्रकारात तो २ ते ७ असतो. ७ आकड्याच्या खेळाडूची २ वाल्याशी गाठ पडली, तर पहिल्याला ७ डाव जिंकावे लागतात, दुसऱ्याला फक्त २. शिवाय लढतीत उतरणाऱ्या पाच जणांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. कल्पना चांगली आहे, दुबळ्याला हात देणारी आहे.

पण अनेक वर्षं तिथली रीत अशी होती : नवा पुरुष आला की ४, नवी बाई आली की ३. तिनं एकही चेंडू मारण्याआधीच!

कुणी म्हणेल, यात बाईचा फायदाच नाही का? तिला २ डाव पुरतात, त्याला ३ लागतात. आणि खेळ पाहून आकडा बदलतोच की. खरं आहे. पण कामानिमित्त गावोगाव फिरताना मी पाहते, खुरपणीला जाणाऱ्या बाईचा रोज तिचं काम बघण्याआधीच कमी ठरलेला असतो. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, तरीही. तिथे पैसे कापतात, इथे सवलत देतात. गृहीत मात्र एकच, बाई म्हणजे थोडी कमीच.

आता संघाचं गणित पाहा. ७, ६, ४, ३, ३ : बेरीज बरोबर २३. त्यातली एक ३ वाली बाई सराव करून ४ झाली, की बेरीज २४. कुणाला तरी बाहेर बसावं लागणार. बेरीज जुळवायला जिला घेतलं, तिच्यावरच ती पाळी येण्याची भीती जास्त. मग तिची प्रगती ही संघाची अडचण ठरते आणि ‘जरा बेतानं खेळ’ असा सल्ला मिळू शकतो. हा सल्ला आपल्यापैकी कुणी ऐकलेला नाही?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सवलत द्या, पण खेळ पाहून द्या. सुरुवातीचा आकडा सगळ्यांना एकच असावा. हंगामाच्या मध्येच कुणाचा आकडा वाढला, तर तो हंगाम संपेपर्यंत संघाला बेरजेत सूट मिळावी. आणि नियम करणाऱ्यांच्या बैठकीत खेळणाऱ्या बायका असाव्यात. आपल्याबद्दलचा आकडा आपल्याला न विचारता ठरतो, तेव्हा तो कुठल्या हिशोबानं ठरवला हे विचारायलाच हवं, मग ते पूलचं टेबल असो की शेताचा बांध.