विश्लेषण : काळा घोडा परिसरात चित्रं फुकट, मग बसायला पैसे का?

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मुंबईत काळा घोडा कला महोत्सव भरतो. नऊ दिवस, प्रवेश मोफत आणि रॅम्पार्ट रोवर चालायला जागा नाही, इतकी गर्दी. 1999 पासून चालत आलेल्या या महोत्सवाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यातून उभ्या राहिलेल्या पैशांतून परिसरातल्या जुन्या वास्तूंची डागडुजीही झाली आहे. पण मुंबईकरांना कलेत किती रस आहे, हे या नऊ दिवसांच्या गर्दीवरून ठरवलं जातं, ते मात्र पटत नाही. उरलेल्या साडेअकरा महिन्यांत इथे कोण येतं आणि आलेला माणूस किती वेळ थांबतो, हे पाहायला हवं.

नावापुरता घोडा?

ज्या पुतळ्यावरून हे नाव पडलं, तो 1879 मध्ये इथे बसवला गेला. घोड्यावर स्वार झालेले तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे राजे सातवे एडवर्ड. 1965 मध्ये पुतळा चौकातून हलला. तो आता राणीच्या बागेत आहे. 2017 मध्ये काळा घोडा पुन्हा आला, पण नवा आणि स्वाराशिवाय. मधली पन्नासेक वर्षं घोडा नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' म्हटलं की तो बरोबर इथेच सोडायचा.

प्रदर्शन पाहायला पैसे लागतात का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. 1952 मध्ये सुरू झालेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत कुणीही थेट आत जाऊ शकतं. इथे चित्रकार अर्ज करतो, निवड झाली की भाडं भरून साधारण आठवडाभर दालन घेतो. तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे एका आठवड्यात नावाजलेला चित्रकार, तर पुढच्या आठवड्यात सांगलीहून किंवा नागपूरहून टेम्पोत कॅनव्हास घालून आलेला कलाशिक्षक, असं इथे सहज घडू शकतं. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे आणि समोर बसवून तुमचं पोर्ट्रेट काढून देणारे कलाकार आहेतच.

आजूबाजूच्या खासगी गॅलऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्या कलाकार स्वतः निवडतात, महिना-दीड महिना प्रदर्शन ठेवतात आणि विक्रीतून साधारण निम्मा वाटा घेतात. आत जायला तिथेही तिकीट नसतं. पण बंद काचेचं दार, बेल आणि सुरक्षारक्षक पाहून बरेच जण जिन्यातूनच परततात. गुरुवारी संध्याकाळी उद्घाटनं असतात, तेव्हा दार उघडं असतं. जरूर जा, कुणी हटकत नाही. फक्त तिथल्या गप्पा आणि भिंतीवरची माहिती बहुतेक वेळा इंग्रजीत असते. महाराष्ट्राच्या राजधानीत चित्राशेजारी चार ओळी मराठीत लिहायला कुठली तांत्रिक अडचण येते, हे मला तरी कळलेलं नाही.

मग अडतं कुठे?

इंजिनीअरिंगला शिकलो होतो, की पाइपमधून किती पाणी जाईल हे त्याचा सर्वांत अरुंद भाग ठरवतो. इथला अरुंद भाग म्हणजे बसायची जागा. चित्रं पाहायला तास-दोन तास पुरतात. पुढे त्यावर बोलायला, भांडायला, नव्या माणसाची ओळख करून घ्यायला टेकायला लागतं. पूर्वी त्यासाठी जहांगीरमध्येच 'समोवार' होतं. रेल्वेच्या डब्यासारखं लांब, चिंचोळं, एका बाजूला संग्रहालयाची हिरवळ. 1964 मध्ये सुरू झालेलं हे कॅफे 2015 मध्ये बंद झालं. ज्याचं चित्र भिंतीवर आहे तो आणि ज्याचं अजून कुठेच लागलेलं नाही तो, दोघांना तिथला चहा परवडायचा. पुढच्याच वर्षी 'ऱ्हिदम हाउस' गेलं. तिथे काही न घेताही गाणी ऐकत वेळ काढता यायचा.

त्याही आधी 'वेसाइड इन' होतं. कवी अरुण कोलटकर गुरुवारी दुपारी तिथे मित्रांसोबत बसायचे. बाहेरच्या चौकातली माणसं, कुत्री, झाडूवाल्या यांच्याकडे वर्षानुवर्षं पाहत त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी कविता 'काळा घोडा पोएम्स' या नावाने 2004 मध्ये आल्या. त्या बैठकीसाठी त्यांना कुणी अनुदान दिलं नव्हतं, फक्त चहा संपल्यावर लगेच उठवलं नव्हतं.

आज याच गल्ल्यांमध्ये कॉफी अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात आहे. जेजेतल्या मुलाने प्रदर्शन पाहावं आणि लोकल पकडून घरी जावं, एवढंच त्याला परवडतं. डेव्हिड ससून लायब्ररीची मागची बाग सुंदर आहे, पण एरवी ती सदस्यांची. जहांगीरच्या पायऱ्या उरतात, तिथे ऊन असतं.

काय करता येईल?

महोत्सवाच्या एखाद्या मोठ्या इन्स्टॉलेशनच्या खर्चात किती बाकं बसतील, हा हिशोब आयोजकांनी एकदा करून पाहावा. गॅलरीच्या आवारात कॉलेज कॅन्टीनच्या दरात चहा देणारा एक कोपरा हवा. त्यातून भाडं कमी मिळेल हे मान्य, पण सार्वजनिक दालनाने प्रत्येक चौरस फूट कमाईला लावायलाच हवा असं नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. जहांगीर संध्याकाळी सातला बंद होते. फोर्टमधला नोकरदार साडेसहाला ऑफिसमधून सुटतो. बहुतेक खासगी गॅलऱ्यांना रविवारी सुट्टी, म्हणजे ज्या दिवशी डोंबिवलीचं कुटुंब येऊ शकतं नेमक्या त्याच दिवशी. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 थेट हुतात्मा चौकापर्यंत येते, तिथून घोडा चालत काही मिनिटांवर आहे. आठवड्यातून एक दिवस, समजा शुक्रवारी, रात्री नऊपर्यंत दालनं उघडी ठेवून तीन महिने पाहायला काय हरकत आहे? वीज आणि दोन रखवालदारांचा जादा पगार, एवढाच काय तो खर्च.