रांग एकच असली पाहिजे

“सरकारी दवाखाने बंद करून टाकावेत, गरिबांना विम्याचं कार्ड द्यावं आणि खासगीत पाठवावं. कटकट संपली.” आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने हे वाक्य टाकलं आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. बोलणारा माणूस वाईट नाही. पण आम्हा शिक्षकांना वैद्यकीय बिलांची प्रतिपूर्ती मिळते आणि आमच्यापैकी कुणी कित्येक वर्षांत सिव्हिलची पायरी चढलेलं नाही. मीही नाही. म्हणून हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या अब्बांची अँजिओप्लास्टी झाली. त्याच सुमारास माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचीही झाली. ते यंत्रमागावर कामाला होते. आमचं बिल मी प्रतिपूर्तीसाठी टाकलं. त्यांची शस्त्रक्रिया सरकारी योजनेच्या कार्डावर खासगी रुग्णालयात झाली, एक रुपया लागला नाही. इथपर्यंत माझा सहकारी बरोबर आहे.

फरक पुढे पडला. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. अब्बांच्या गोळ्या मी पगारातून आणतो. त्यांना सरकारी दवाखान्यात प्रत्येक वेळी चिठ्ठी मिळाली, “बाहेरून घ्या”. मंदीत माग आठवड्यातून तीनच दिवस चालू लागले, तेव्हा त्यांनी गोळ्या आधी एक दिवसाआड केल्या, मग बंद केल्या. पाचव्या महिन्यात दुसरा झटका आला. ते वाचले, पण मागावर उभं राहणं संपलं. मुलगी नववीतून गेली ती गेलीच. तिचं नाव हजेरीपटावरून मीच कमी केलं.

कार्डाने स्टेंट दिला, गोळी दिली नाही. कारण आपल्या विमा योजना मुख्यतः भरती होण्यापुरत्या आहेत. रोजचा ताप, मधुमेह, रक्तदाब, तपासण्या आणि महिन्याची औषधं त्यात जवळपास येतच नाहीत. आणि गरीब माणूस मोडतो तो बहुतेक वेळा याच खर्चाने.

आता जरा बाहेर पाहू. खासगीचं गुणगान करणारे अमेरिकेचं नाव घेतात. तो देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 17 टक्के आरोग्यावर खर्च करतो, ब्रिटन सुमारे 11 टक्के. तरी अमेरिकी माणसाचं सरासरी आयुष्य ब्रिटिश माणसापेक्षा कमी आहे, आणि कोट्यवधी लोकांकडे विमाच नाही. पण मला त्या देशातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. 1965 साली तिथे एकाच कायद्याने दोन सरकारी योजना आल्या. मेडिकेअर 65 वर्षांवरच्या वृद्धांसाठी, गरीब असो की श्रीमंत. मेडिकेड फक्त गरिबांसाठी. मेडिकेअरला हात लावायचा म्हटलं की तिथले पुढारी घाबरतात, कारण निवृत्त न्यायाधीशही त्यात आणि निवृत्त हमालही त्यात. मेडिकेडवर मात्र कात्री फिरत राहते. 2025 च्या जुलैत झालेल्या कायद्यानेही मोठी फिरवली. देश तोच, वर्ष तेच. फक्त रांग वेगळी.

ब्रिटनमध्ये 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ती उभी करणारा आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस होता. सेवा गरिबांपुरती ठेवा, असं सुचवणारे तेव्हाही होते. त्याने ती सगळ्यांसाठी केली. 1951 मध्ये त्याच्याच सरकारने चष्म्यावर आणि कवळीवर पैसे लावायचं ठरवलं, तेव्हा त्याने मंत्रिपद सोडलं. आज त्या सेवेची हालत बरी नाही. एकट्या इंग्लंडमध्ये प्रतीक्षायादी 70 लाखांच्या पुढे गेली आहे. पण त्यावर तिथे निवडणुका लढल्या जातात. आपल्याकडे 2023 च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 जण दगावले, त्यात 12 नवजात बाळं होती. चार दिवस बातम्या झाल्या. त्या मृतांत तुमचं-माझं कुणी नव्हतं.

“म्हणजे तुम्हाला सगळं सरकारीच हवं?” नाही. जपानमध्ये बहुसंख्य रुग्णालयं खासगी आहेत. पण नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला तिथे रुग्णालय काढता येत नाही. कुठल्या उपचाराचा दर किती, हे सरकार ठरवतं आणि तो देशभर सारखा असतो. 1961 पासून प्रत्येक माणूस विम्यात आहे. बिलाचा साधारण 30 टक्के भाग रुग्ण देतो, पण महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंतच. म्हणजे इमारत कुणाची, हा प्रश्नच दुय्यम आहे. दर कोण ठरवतं आणि रांगेत कोण कोण उभं आहे, हे दोन प्रश्न खरे.

“ते श्रीमंत देश आहेत.” थायलंड तेव्हा श्रीमंत नव्हता. 1997 च्या आर्थिक संकटातून नुकता सावरत होता, आणि 2002 पर्यंत त्याने 30 बाटची योजना देशभर नेली. एका भेटीचे 30 बाट, बाकी सरकार पाहील. त्यात गोळ्याही आल्या. शेतकरी, फेरीवाला, छोटा दुकानदार, तीन-चतुर्थांश देश त्यात आला. हे जमलं कारण त्याआधीची काही दशकं गावोगाव सरकारी दवाखाने बांधले होते आणि नव्या डॉक्टरांना तिथे पाठवलं होतं. कार्ड नंतर आलं, दवाखाना आधी होता. माझा सहकारी नेमकं उलटं सांगतो.

आपल्यालाही हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. 1946 च्या भोर समितीच्या अहवालाने म्हटलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचं वचन दिलं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. खिशातून होणारा खर्च पूर्वीपेक्षा घटला हे खरं, तरी त्या वर्षीही एकूण खर्चाच्या सुमारे 39 टक्के लोकांनीच भरले.

मी शिक्षक आहे, म्हणून मला यात शाळा दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून सरपंचाचा मुलगा गेला, मग गुरुजींचा गेला, आणि मग गळक्या छताबद्दल बोलणारा कुणी उरला नाही. 2015 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की सरकारी नोकरांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेतच शिकली पाहिजेत. निकाल कागदावर राहिला, पण रोग त्या न्यायालयाने बरोबर ओळखला होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आमदार, खासदार, अधिकारी आणि आम्ही शिक्षक, ज्यांचा इलाज जनतेच्या पैशातून होतो, त्यांनी आधी सरकारी रुग्णालयात जावं. तिथे सोय नसेल तर तसं लेखी घ्यावं, मगच खासगीचं बिल मंजूर व्हावं. एका वर्षात किती सोयी नाहीत याची यादी आपोआप तयार होईल, आणि ती यादी पुरी करण्याची घाई मंत्रालयालाच होईल.

स्टाफरूममध्ये मी हे बोललो तेव्हा कुणी मान डोलावली नाही. एकाने विचारलं, “सर, अब्बांना नेलं असतं का सिव्हिलला?”

नसतं नेलं. माझ्याजवळ दुसरं दार होतं. त्या मुलीच्या वडिलांजवळ नव्हतं. गरिबाला जे मिळतं त्याला आपण योजना म्हणतो आणि वागवतो खैरातीसारखं. ते हक्क तेव्हाच होईल, जेव्हा त्याच खिडकीवर, त्याच गोळीसाठी, मलाही उभं राहावं लागेल.