जुना छोटा हत्ती घेताय? आधी विचारा, त्याने आजवर काय ओढलं



दुकानासाठी जुनी छोटी पिकअप घ्यायची म्हटलं की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. किती किलोमीटर चालली? कितवा मालक? शेवटचं किती घेणार? माझं मत स्पष्ट आहे. मालवाहू गाडीच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एकच: या गाडीने आजवर काय ओढलं?

कारचं गणित वेगळं असतं. कारमध्ये चार माणसं आणि डिकीत दोन बॅगा, त्यामुळे तिचं वय किलोमीटरवरून बऱ्यापैकी कळतं. पिकअपचं वय वजनावरून कळतं. रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन डांबरी रस्त्याने ऐंशी हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि वीटभट्टीवर तीस हजार चाललेली गाडी, या दोन्हींत मी डोळे झाकून नाही, पण आधी दुधाची गाडी बघायला जाईन.

पोत्यांचा हिशोब

२००५ मध्ये टाटांनी एस बाजारात आणली आणि गावोगाव तिचं नाव छोटा हत्ती पडलं. दोन सिलिंडरचं लहान डिझेल इंजिन आणि साधारण पाऊण टन माल वाहायची क्षमता. आता सिमेंटचं पोतं ५० किलोचं. ७५० किलो म्हणजे बरोबर १५ पोती. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे हे मला रोज दिसतं: १५ पोत्यांवर थांबणारा हत्ती विरळाच. वीस, पंचवीस, कधी तीस. गाडी ओढते, म्हणून भरतात.

गाडी ओढते हे खरं. पण ओव्हरलोडचा फायदा पहिला मालक घेतो आणि बिल दुसरा मालक भरतो. पाटे बसतात, क्लच प्लेट जळते, मागच्या हाऊसिंगमधून आवाज सुरू होतो, चेसिसला बारीक तडा जातो. यातलं काहीच विकताना फोटोत दिसत नाही. फोटोत दिसतो नवा रंग आणि आरशाला बांधलेली लिंबू-मिरची.

म्हणून मालावरून गाडी ओळखायला शिका. वाळू, वीट, सिमेंट, सळई वाहिलेल्या गाडीचे पाटे, चेसिस आणि क्लच आधी बघायचे. किनाऱ्याकडची मासळीची गाडी असेल तर बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली झिरपलेलं असतं, तिथे गंज शोधायचा. पाण्याच्या जारची गाडी दिसायला हलक्या कामाची वाटते, पण २० लिटरचे चाळीस जार म्हणजे ८०० किलो नुसतं पाणीच, वर दर गल्लीत थांब-चाल. तिचे क्लच आणि ब्रेक बघायचे. मंडप-डेकोरेशनची गाडी पावसाळ्यात उभीच असते, तिथे बॅटरी आणि टायरला पडलेल्या भेगा बघायच्या. बेकरी, फरसाण, औषधं वाहणाऱ्या गाडीत वजन भरायच्या आधी जागा भरते, म्हणून तिचा सांगाडा बहुतेक वेळा धडधाकट निघतो.

गाडी खरं बोलते

विकणारा खोटं बोलतोच असं नाही. पण "घरचंच हलकं काम होतं हो" हे वाक्य सगळेच म्हणतात. म्हणून गाडीला विचारायचं.

सुरुवात हौद्यापासून करा. कोपऱ्यात आणि बिजागरीत सिमेंटचा थर, वाळूचे कण, वास, गंज, काही ना काही राहतंच. फाळका नीट बंद होतो का? हौद्यात नवीन पत्रा ठोकला असेल किंवा फक्त तळालाच ताजा रंग असेल तर का, ते विचारा. नंतर खाली वाकून पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखे आहेत का? कंपनीने दिले त्यापेक्षा एखादा जास्तीचा पाटा टाकला असेल, तर त्या गाडीच्या तोंडूनच उत्तर मिळालं. हलका माल वाहणारा माणूस जास्तीचा पाटा कशाला टाकेल?

चेसिस टॉर्च लावून पूर्ण लांबीने बघा, खास करून पाटे जिथे अडकवलेत तिथे. वेल्डिंग दिसलं की माझ्या मते व्यवहार तिथेच थांबवावा. चेसिसला वेल्डिंग करून गाडी चालत नाही असं नाही, पण दुकानदाराने तो जुगार खेळू नये.

मग गाडी सरळ रस्त्यावर कोणाला तरी चालवायला सांगा आणि तुम्ही मागून मोटारसायकलवर जा. मागची चाकं पुढच्या चाकांच्या ओळीतच चालतात का? गाडी तिरकी चालताना दिसली तर समजा, चेसिस किंवा मागचा अ‍ॅक्सल जागेवर नाही. याला कुठलंही मशीन लागत नाही, डोळे पुरतात.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करा. "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका" असं आधीच फोनवर सांगा. छोटा हत्तीचं इंजिन सीटखाली असतं, त्यामुळे पोहोचल्यावर सीट उचलून हात जवळ नेला की कळतं, सकाळी कोणी गरम करून ठेवलंय का. सुरू झाल्यावर धूर बघा. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता, मिस्त्रीला दाखवाच. काळा धूर असेल तर एअर फिल्टर, नोझल, पंप यांचं काम निघू शकतं. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. तिथून धूर भकाभका बाहेर पडत असेल तर इंजिनचं मोठं काम जवळ आलंय.

सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरची तपासणी दर ३ वर्षांनी लागते. त्याचं प्रमाणपत्र मागा आणि तारीख वाचा. शिवाय सिलिंडरचं वजन मालाच्या क्षमतेतून जातं. मारुतीच्या सुपर कॅरीचंच बघा: पेट्रोलवर ७४० किलो, सीएनजीवर ६२५. म्हणजे दोन पोती इथेच कमी झाली.

आणि सगळ्यात महत्त्वाची चाचणी, जी जवळपास कोणीच करत नाही. रिकामी गाडी चालवून निर्णय घेऊ नका. आपण रिकामी गाडी विकत घेत नाही, भरलेली घेतो. क्षमतेइतका माल भरा, एखाद्या चढावर न्या, मध्ये थांबवा आणि पुन्हा उचला. क्लच घसरतो का, गिअर सुटतो का, उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतात का, सगळं पंधरा मिनिटांत कळतं. विकणारा याला नाहीच म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

मिस्त्री सोबत न्याच, पण त्याची मजुरी तुम्ही द्या. ज्याला एजंटकडून कमिशन मिळणार, त्याचं मत तपासणी म्हणून धरू नका.

कागद म्हणजे निम्मी गाडी

एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. फिटनेस, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा, सगळं समोर येतं. ई-चलानं वेगळी तपासा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः जुळवा.

मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. फिटनेस संपलेली मालवाहू गाडी कायद्याच्या नजरेत वैध नोंदणी नसल्यासारखीच असते. त्यामुळे "पासिंग तेवढं करून घ्या" हे वाक्य ऐकलं की त्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी.

"ट्रान्सफर नंतर करू" म्हणणाऱ्या विकणाऱ्याला एक गोष्ट नक्की सांगा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. म्हणजे ट्रान्सफर लवकर होणं ही त्याचीही गरज आहे. विम्यावरचं नाव १४ दिवसांत बदलायला अर्ज करा. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत तुमच्याकडे येत नाही, हेही धरून चला.

किंमत कशी ठरवायची

माझ्या बॅचमध्ये मी एक सोपी रीत शिकवतो. विचारलेली किंमत ही किंमत नाही. त्यात पहिल्या ९० दिवसांचा खर्च मिळवा. समजा गाडी २,४०,००० ला सांगितली. टायर, बॅटरी, क्लच, पाट्यांचं काम, विमा, पासिंग आणि ट्रान्सफर मिळून मिस्त्रीने आणि तुम्ही ६०,००० काढले. मग ती गाडी ३ लाखांची आहे. शेजारच्या गावात २,८५,००० ला धडधाकट गाडी उभी असेल, तर तीच स्वस्त.

यात न दिसणारा खर्च अजून आहेच. गाडी दोन दिवस गॅरेजला लागली की गिऱ्हाइकाच्या साइटवर गवंडी बसून राहतो. त्याची हजेरी गिऱ्हाईक भरतं आणि पुढच्या वेळी पाइप दुसऱ्या दुकानातून घेतं. छोट्या दुकानाचे अडीच-तीन लाख म्हणजे अख्ख्या सीझनच्या खरेदीचं भांडवल. ते गॅरेजमध्ये उभं करून चालत नाही.

कोणी म्हणेल, इतकं बघत बसलं तर गाडीच मिळणार नाही. मला तसं वाटत नाही. जड काम केलेली गाडी घ्यायचीच नाही, असं माझं म्हणणं नाही. चेसिस शाबूत असेल आणि किंमत त्या हिशोबाने असेल, तर विटांची गाडी फरसाणवाल्याकडे पुढची काही वर्षं आरामात जाईल. उलट फरसाणवाल्याची सुरेख गाडी आणून तिच्यात रोज तीस पोती भरली, तर तिचीही लवकरच वाट लागेल. गाडीचं आधीचं काम आणि तुमचं पुढचं काम, दोन्ही शेजारी ठेवून बघा. तुमचा माल रोज दीड टनाचा असेल तर दोन फेऱ्यांची तयारी ठेवा किंवा मोठी पिकअप बघा. ओव्हरलोडला दंड २०,००० रुपये आणि वर जास्तीच्या दर टनामागे २,०००. दोन-तीन पोत्यांच्या भाड्यात तो निघत नाही.

शक्य झालं तर आधीच्या ड्रायव्हरला भेटा. मालकाला किंमत माहीत असते, ड्रायव्हरला गाडी. चहा पाजा आणि विचारा, "दादा, चढाला कितव्या गिअरवर जायची?" तो जे सांगेल ते कुठल्याही अ‍ॅपवर नसतं.

आणि गाडी घेतलीत की पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. तारीख, माल, अंदाजे वजन, किलोमीटर, केलेलं काम, बिल. कधीतरी तुम्हीही ती विकायला काढाल. तेव्हा समोरच्याने "हिने काय ओढलं?" विचारलं की वही पुढे करायची. त्या दिवशी भाव तुम्ही सांगाल.

भेटू पुढच्या व्हिडिओत.